रोजाचं मोजमाप चुकतंय

रमजान जवळ आला की एक ठरलेला वाद डोकं वर काढतो आणि दरवर्षी त्याच चाकोरीतून जातो. एका बाजूला रोजाचे आरोग्यवकील असतात. उपाशी राहिल्यावर पेशी स्वतःची साफसफाई करतात, एका जपानी शास्त्रज्ञाला त्यासाठी नोबेल मिळालं, म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलेलं विज्ञानाने आता मान्य केलं, असं ते मांडतात. दुसऱ्या बाजूला हिशेबनीस असतात. दिवसभर घोटभर पाणी नाही, कामाचा वेग मंदावतो, आणि सूर्य मावळला की दुपटीने खाणं. मग हा उपवास कसला, हे तर जेवणाचं वेळापत्रक बदलणं झालं, असं त्यांचं म्हणणं. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांच्या हातात तराजू एकच आहे. शरीराला काय मिळालं आणि काय गेलं, एवढंच त्यावर तोललं जातं. माझ्या मते रोजा त्या तराजूत बसतच नाही. तो 'हे माझं आहे' या भावनेला घातलेला लगाम आहे. जे आपल्या हक्काचं आहे, ज्यावर कुणाचा आक्षेप नाही, ते समोर असताना ईश्वराच्या आज्ञेने हात आखडायचा, आणि त्याच आज्ञेने तो पुन्हा पुढे करायचा. त्यातून आध्यात्मिक म्हणून जे काही हाती लागतं ते इथूनच, आणि रोजा फसतो तोही इथेच.

आधी आरोग्यवाल्यांचं बघू, कारण ते रोजाच्या बाजूने बोलतात आणि मित्रांनी केलेलं नुकसान उशिरा लक्षात येतं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं ते पेशी आपलेच टाकाऊ घटक कसे मोडतात आणि पुन्हा कसे वापरतात, ती यंत्रणा उलगडल्याबद्दल. त्यांचे पायाभूत प्रयोग यीस्टच्या पेशींवर झाले होते. त्यांत रमजान नव्हता, माणूसही नव्हता. उलट १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेहींची जी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात रमजानमध्ये रक्तातली साखर गंभीररीत्या घसरण्याचं प्रमाण टाइप १च्या रुग्णांत ४.७ पट आणि टाइप २च्या रुग्णांत ७.५ पट वाढलेलं दिसलं. निरोगी माणसाला महिन्याचे रोजे सहसा बाधत नाहीत, काहींचं वजनही थोडं उतरतं, हे मान्य. पण रोजा ही औषधयोजना असती, तर कुरआनने आजाऱ्याला सगळ्यांत आधी पुढे बोलावलं असतं. दुसऱ्या अध्यायाच्या १८४ आणि १८५ या आयती नेमकं उलट सांगतात. आजारी आणि प्रवासी यांनी सुटलेले दिवस नंतर भरून काढावेत, ज्यांना मुळीच झेपत नाही त्यांनी गरिबाला जेवू घालावं. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको. 'आधी बरा हो, मग औषध घे' असं कोणता वैद्य सांगतो?

कालगणनेनेही हा युक्तिवाद लंगडा पडतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. महिने सोयीने पुढेमागे सरकवण्याची अरबांची जुनी रीत कुरआनने मोडीत काढली, त्यामुळे रमजान दरवर्षी थोडा अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० या एकाच इंग्रजी वर्षात तो जानेवारीत येईल आणि पुन्हा डिसेंबरमध्ये. प्रकृतीला मानवणारा ऋतू निवडायचा असता तर तो निवडता आला असता. इथे निवडच काढून घेतलेली आहे. एकाच माणसाच्या वाट्याला आयुष्यात कधी हिवाळ्याचा आखूड दिवस येतो, कधी उन्हाळ्याचा न संपणारा, आणि दोन्ही मागून घेतलेले नसतात.

आता दुसरं लाडकं स्पष्टीकरण: गरिबाची भूक श्रीमंताला कळावी म्हणून रोजे. हे ऐकायला गोड आहे आणि त्यात तथ्यही आहे. दुपारनंतर डोकं जड होतं, जीभ टाळूला चिकटते, लहानसहान गोष्टीवर चिडचिड होते. हे सगळं ज्याने कधी भोगलंच नाही त्याला उपाशी माणसाच्या वागण्यावर शेरे मारणं फार सोपं असतं. तरीही प्रश्न उरतोच. श्रीमंताला भूक कळावी हाच हेतू असेल तर गरिबाला रोजा कशासाठी? त्याला कुठली भूक शिकायची राहिली आहे? जकात, म्हणजे बंधनकारक दान, ज्याच्याकडे ठरावीक संपत्ती आहे त्याच्यावरच, हज ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच. रोजा मात्र धडधाकट आणि जाणत्या वयाच्या प्रत्येकावर, मग तो सावकार असो की त्याचा कर्जदार. जो अर्थ अर्ध्या समाजालाच लागू पडतो तो त्या व्रताचा मूळ अर्थ कसा मानायचा?

इथे मला एका गुलामाची आठवण होते. सालिह बिलाली हा पश्चिम आफ्रिकेतल्या मसिना प्रदेशातला. कोवळ्या वयात पकडला गेला, विकला गेला, आणि अखेर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका बड्या मळेवाल्याकडे मुकादम म्हणून राबला. त्याच्या मालकाने त्याच्याविषयी लिहिलेलं एक पत्र १८४४ साली छापून प्रसिद्ध झालं. त्यात तो नोंदवतो की हा माणूस दारूला शिवत नाही आणि उपवास पाळतो, विशेषतः रमजानचे. ज्याचे हात, पाय, श्रम, नाव सगळंच दुसऱ्याच्या वहीत जमा आहे, त्याने आणखी कशाचा त्याग करायचा? पण एका अर्थाने त्याच्या रोजाइतका चोख रोजा नाही. त्याला खायला काय आणि किती मिळायचं, ते मालकाच्या हाती होतं. रोजाची भूक मात्र त्याने स्वतः धरली होती. मालक ती देऊ शकत नव्हता, काढूनही घेऊ शकत नव्हता. म्हणून मला वाटतं की एकच नियम दोन माणसांवर दोन उलट दिशांनी काम करतो. ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याच्या मालकीहक्काचा ताठा तो उतरवतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला, निदान एका गोष्टीपुरतं, स्वतःच्या देहाचा धनी करतो. दोघांना मिळून तो एवढंच सांगतो की शेवटी तुम्ही माणसांच्या ताब्यातले नाही आणि तुमच्या इच्छेच्याही ताब्यातले नाही.

हे घडतं कसं, ते जवळून पाहिलं तर समजतं. रोजेदार दिवसाच्या नमाजांसाठी वजू करतो, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतो. त्यात चूळ भरायची असते. उन्हाळ्याची दुपार, घसा कोरडा ठणठणीत, आणि तोंडात गार पाणी. ते तोंडात खेळवायचं आणि थुंकून टाकायचं. एक घोट आत गेला तर शेजारी उभ्या असलेल्यालाही कळणार नाही. चूळ भरणं मना नाही, पाणी गिळणं मना आहे. नमाज इतरांना दिसते, हज गावाला कळतो, दानाची पावती मिळते. रोजा मात्र न करण्याने बनलेला असतो, आणि न केलेली गोष्ट कुणाला दाखवता येत नाही. 'माणसाचं प्रत्येक कृत्य त्याच्यासाठी, पण रोजा माझ्यासाठी, आणि त्याचं फळ मीच देईन' अशा आशयाचं ईश्वराचं वचन हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये, येतं, ते बहुधा यामुळेच. आणि मनाई कशाची, तर पाण्याची, भाकरीची, स्वतःच्या जोडीदाराच्या सहवासाची. दारू आणि चोरी तर बाराही महिने वर्ज्यच आहे. रमजान हलालवर, म्हणजे संमत गोष्टींवर, बोट ठेवतो. वाईट सोडायला लावणारे नियम सगळीकडे सापडतात. चांगलं असूनही 'आत्ता नाही' म्हणायला लावणारा नियम मनाच्या वेगळ्याच स्नायूला ताण देतो.

यावर कुणी म्हणेल, मग हे आत्मपीडेचंच सोज्वळ नाव झालं. हा आक्षेप हलका नाही. देहाला शत्रू मानणाऱ्या साधनांची परंपरा जगभर आहे आणि तिने माणसं मोडली आहेत. पण रोजाचे नियम वाचले तर त्यांतला निम्मा भाग जास्तीची पीडा रोखण्यासाठीच आहे, असं दिसतं. पहाटेपूर्वी सहेरी, म्हणजे रोजाआधीचं खाणं, करा, तिच्यात बरकत आहे. सूर्य मावळला की रोजा सोडायला उशीर लावू नका. न खाता एका दिवसाला दुसरा दिवस जोडू नका. विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही, ते अल्लाहनेच भरवलं असं समजा. अब्दुल्लाह इब्न अम्र या तरुण अनुयायाला रोज उपवास करायचा होता. पैगंबरांनी त्याला अडवलं, तुझ्या देहाचा आणि तुझ्या बायकोचाही तुझ्यावर हक्क आहे असं सांगितलं, आणि एक दिवसाआड उपवास याच्या पुढे जाऊ दिलं नाही. म्हणजे इथे खाणं हीसुद्धा आज्ञा आहे. सूर्यास्तानंतर 'मी अजून तासभर ओढू शकतो' असं म्हणणारा दोन गुण जास्त मिळवत नाही, उलट गमावतो. कारण त्या तासात आज्ञा संपलेली असते आणि उरलेली असते ती फुशारकी. हीसुद्धा मालकीचीच भावना, फक्त अन्नाऐवजी त्यागावरची.

पैगंबरांचे सहकारी अनस यांनी सांगितलेला एक प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. कडक उन्हाच्या दिवशी पैगंबर आणि अनुयायी प्रवासात होते. काहींनी रोजा धरला होता, काहींनी सवलत घेतली होती. मुक्कामाच्या जागी पोचताच रोजेदार थकून कोसळले. ज्यांनी रोजा धरला नव्हता त्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजलं. पैगंबर म्हणाले, आज सगळं पुण्य रोजा न धरणारे घेऊन गेले. मक्केवर चालून जाताना, इसवी सन ६३० च्या रमजानमध्ये, तर त्यांनी पाण्याचं भांडं सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि रोजा सोडला. तरीही काही जण हट्टाने उपाशी राहिल्याचं कळलं, तेव्हा त्यांना आज्ञा मोडणारे म्हटलं. तकवा म्हणून ज्या ईशभानाचं नाव रोजाचा हेतू म्हणून कुरआन घेतो, ते रिकाम्या पोटात आपोआप साठत नाही, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

हिशेबनिसांचा रात्रीच्या खाण्याचा मुद्दा मात्र मी विनाअट मान्य करतो. रात्रीची चंगळ होते, आणि रमजानमध्ये खर्च वाढणारी घरं पुष्कळ आहेत. पण टीकाकारांना वाटतं की हे व्यंग आपण शोधून काढलं. इस्लामी धर्मचिंतक इमाम गझाली (१०५८–११११) यांनी नऊशे वर्षांपूर्वी हीच झाडाझडती घेतली होती. दिवसभरात सुटलेलं सगळं माणूस इफ्तारला भरून काढणार असेल, वर जे पदार्थ इतर महिन्यांत खात नाही तेही रमजानसाठी साठवणार असेल, तर वासना मोडण्याचा हेतू साधला कसा, असं ते विचारतात. त्यांनी रोजाच्या पायऱ्याच लावल्या आहेत: सामान्यांचा रोजा पोट आणि कामवासना यांचा, त्याहून वरचा डोळे, जीभ, कान, हात, पाय यांचा, आणि सर्वांत वरचा मनाचा. त्याहीआधी हदीसमध्ये बजावलं आहे की जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही. यशया या हिब्रू संदेष्ट्याच्या पुस्तकात इस्लामच्या कित्येक शतकं आधी हेच गाऱ्हाणं आहे: लोक विचारतात, आम्ही उपास केला तरी देव बघत का नाही, उत्तर मिळतं, उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना पिळता. मात्र या अवतरणांचा वापर पळवाट म्हणून होऊ नये. 'तसे वागणारे खरे रोजेदारच नव्हेत' असं म्हणून हात झटकणं हा धार्मिकांचा जुना आळस आहे. व्रत जर बहुसंख्यांच्या हातून पहिल्याच पायरीवर अडकत असेल, तर उपदेश देणाऱ्यांनी इफ्तारच्या थाटावर बोलायला हवं आणि ते बोलत नाहीत, हे खरं आहे.

उत्पादनाचा मुद्दा ट्युनिशियाच्या हबीब बुर्गिबा यांच्याइतका धीटपणे कुणी मांडला नसेल. १९६० साली या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की मागासलेपणाविरुद्धचा लढा हाही जिहाद आहे, म्हणून युद्धातल्या सैनिकाला मिळणारी रोजाची सवलत कामगारांनाही लागू व्हावी. युक्तिवाद हुशार होता, आणि मक्केच्या वाटेवरचं पाण्याचं भांडं आठवलं तर परंपरेबाहेरचाही नव्हता. तरी बहुसंख्य लोकांनी रोजे सोडले नाहीत. मला त्यात अडाणी हट्ट दिसत नाही. सैनिकाची मोहीम संपते, प्रवाशाचं गाव येतं. विकासाची लढाई संपली असं कोणतं सरकार कधी जाहीर करणार? तोवर रोजा तहकूब ठेवायचा म्हणजे माणसाच्या वर्षातला प्रत्येक दिवस उत्पादनाच्या खात्यावर लिहून द्यायचा. लोकांनी बहुधा हेच नाकारलं. उन्हात राबणाऱ्याचा जीव धोक्यात येत असेल तर त्याने त्या दिवशी रोजा सोडावा, ही सवलत शास्त्रात आधीपासून आहेच. ती त्या माणसाच्या देहासाठी आहे, राष्ट्राच्या ताळेबंदासाठी नाही.

सर्वांत भारी आक्षेप सक्तीचा. रोजा गुपित आहे असं मी वर म्हटलं, पण पाकिस्तानात जनरल झियांच्या काळात, १९८१ साली, 'एहतराम-ए-रमजान' नावाचा वटहुकूम निघाला आणि रोजाच्या वेळेत सार्वजनिक जागी खाणं-पिणं तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा ठरलं. जून २०१५ मध्ये कराचीत आणि सिंधमध्ये उष्णतेच्या लाटेत हजाराहून अधिक माणसं दगावली, ती रमजानमध्येच. त्यात विजेचा खेळखंडोबा होता, पाण्याची टंचाई होती, सगळं खापर रोजावर फोडणं चूक ठरेल. पण भर उन्हात चक्कर आलेल्या वाटसरूने उघड्यावर पाणी प्यायला कचरावं अशी हवा कायद्यानेच तयार केली होती. अखेर धर्मपंडितांनाच सांगावं लागलं की प्रकृती बिघडत असेल तर रोजा सोडा. हे समर्थनापलीकडचं आहे, आणि ते रोजाच्या नावाने झालं म्हणून अधिकच. कुरआनात रोजा न धरणाऱ्याला कुठलीही ऐहिक शिक्षा सांगितलेली नाही. पोलिसाच्या भीतीने पाण्यापासून दूर राहिलेला माणूस फक्त पोलिसाचं ऐकतो. ज्या एका नात्यासाठी व्रत होतं तेच त्यातून वजा होतं.

सक्तीच्या समर्थकांनी बुखारीतलाच एक प्रसंग शांतपणे वाचावा. एक माणूस पैगंबरांकडे धावत आला, म्हणाला, माझा घात झाला. काय झालं? रोजात असताना बायकोजवळ गेलो. एक गुलाम मुक्त करू शकशील? नाही. लागोपाठ दोन महिने रोजे? नाही. साठ गरिबांना जेवण? नाही. तो बसून राहिला. एवढ्यात कुणी खजुरांची टोपली आणून दिली. पैगंबर म्हणाले, ही ने आणि दान कर. तो म्हणाला, माझ्याहून गरिबाला? या मदिनेत माझ्या घराहून गरीब घर नाही. पैगंबर दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, जा, तुझ्याच घरच्यांना खाऊ घाल. अपराधी स्वतःहून आला, त्याची चौकशी कुणी लावली नव्हती, आणि प्रायश्चित्ताचे खजूर त्याच्याच मुलाबाळांच्या पोटात गेले. या दृश्यात शिपायाला उभं करायला जागा कुठे आहे? दुसऱ्या टोकाचा दावा, की धाक काढला तर रोजे कुणी धरणारच नाही, त्याचं उत्तर सालिह बिलालीने दिलेलं आहे. धर्माला हद्दपार करू पाहणाऱ्या सोव्हिएत राजवटीत मध्य आशियातल्या ज्या घरांत चोरून रोजे धरले गेले, त्यांनीही दिलं आहे.

तर मग रोजा लागला की नाही, हे तपासायचं कुठे? याची जागा कुरआनच्या रचनेतच आहे, आणि दोन्ही पक्षांचे वादपटू ती ओलांडून पुढे जातात. दुसऱ्या अध्यायातल्या रोजाच्या आयती १८७ व्या आयतीत संपतात. लगेच १८८ वी सांगते: एकमेकांची मालमत्ता गैरमार्गाने खाऊ नका, आणि जाणूनबुजून लोकांच्या मालाचा हिस्सा गिळण्यासाठी ती हाकिमांपर्यंत पोचवू नका. स्वतःचं पाणी दिवसा न पिण्याचा नियम सांगून झाल्याबरोबर दुसऱ्याचं धन न गिळण्याचा नियम येतो, तो रात्रीला आणि वर्षाच्या बाराही महिन्यांना लागू. फित्र्याचा, म्हणजे रमजानअखेरीच्या दानाचा, नियमही याच अंगाने जातो. ईदच्या नमाजीआधी, घरातल्या तान्ह्या बाळाच्याही नावाने, ठरावीक माप धान्य किंवा खजूर गरिबाला पोचले पाहिजेत. नमाजीनंतर दिलं तर ते साधं दान धरलं जातं.

कुरआनने वारसाहक्कात मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तो बहिणीकडून गोडीगुलाबीने 'सोडून' घेणारे भाऊ मुसलमानांत कमी नाहीत, आणि त्यांतले बहुतेक रोजे चुकवत नाहीत. स्वतःच्या विहिरीचं पाणी तीस दिवस सूर्यास्तापर्यंत ज्यांनी परकं मानलं, त्यांना बहिणीची जमीन शव्वालच्या, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्याच्या, पहिल्या तारखेला आपली कशी वाटते? आरोग्यवाल्यांनी हा प्रश्न कधी विचारलेला नाही, कारण तो अडचणीचा आहे. हिशेबनिसांनाही तो सुचत नाही, कारण त्यासाठी रोजाला आधी त्याच्याच अटींवर गंभीरपणे घ्यावं लागतं.